राणीघरं मोडून थवा थांबत नाही

कुडाळजवळच्या तुमच्या वाडीत सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी पाळीव मधमाशीच्या, सहा पेट्या आहेत. नोव्हेंबरात दर आठवड्याला पेट्या उघडून दिसतील तेवढी राणीघरं, म्हणजे माश्या नवी राणी वाढवतात ती घरं, तुम्ही मोडत होतात. तरी एका पेटीतून मोठा थवा निघून गेला, आठवड्यानं त्याच पेटीतून आणखी एक छोटा थवा गेला, आणि चार दिवसांपूर्वी दुसरी पेटीही फुटली, म्हणजे तिच्यातूनही थवा गेला. पहिला थवा जाऊन बारा दिवस झालेत. दोन्ही पेट्यांत अंडी दिसत नाहीत, माश्या मात्र बऱ्यापैकी आहेत. राणी मेली का, नवी आणून घालू का आणि उरलेल्या चार पेट्यांचं काय करू, असं तुम्ही विचारलंय.

आधी आजचं सांगतो. त्या दोन पेट्या आता उघडू नका. अंडी नाहीत म्हणजे राणी नाही, असं या दिवसांत समजायचं कारण नाही. मोठा थवा जातो तो जुन्या राणीला घेऊन. मागे राहतात ती झाकलेली राणीघरं. त्यातून साधारण आठवड्याच्या आत कुमारी राणी बाहेर येते, पाच-सहा दिवस पेटीतच वाढते, मग दुपारच्या उन्हात बाहेर जाऊन नरांशी मीलन करून येते आणि त्यानंतर दोन-चार दिवसांनी अंडी घालायला लागते. हा सगळा हिशेब केला तर थवा गेल्यापासून पेटीत पुन्हा अंडी दिसायला दोन ते तीन आठवडे लागतात. पहिल्या पेटीतून दुसरा थवाही गेलाय, म्हणजे तिथं एक कुमारी राणी थव्याबरोबर गेली आणि तिची बहीण मागे राहिली. तिला आणखी थोडा वेळ द्या.

या दिवसांत पेटी जागची हलवू नका, तिच्यासमोरचं झाड तोडू नका, रंग तर मुळीच देऊ नका. कुमारी राणी बाहेर पडताना पेटीची जागा आणि खुणा पाहून जाते. परत येताना खूण चुकली तर शेजारच्या पेटीत शिरते आणि तिथं मारली जाते. दुपारी पेटी उघडी असेल आणि राणी तेव्हाच परत आली तरी गोंधळ होतो. शिवाय तुमच्याकडे थंडीत वेडे राघू तारांवर बसलेले असतात. ते एखादी राणी उचलतात, त्याला आपला इलाज नाही, पण बाकीच्या चुका आपल्या हातात आहेत.

थवा गेल्यापासून विसाव्या दिवशी सकाळी आठ-नऊच्या सुमारास पेटी उघडा. पोळं बांधलेली मधली एकच चौकट काढा, ऊन पाठीवर घ्या आणि घरांच्या तळाशी पाहा. प्रत्येक घरात एकच बारीक पांढरं अंडं तळाच्या मधोमध उभं असेल तर पेटी लगेच बंद करा, काम झालं. अंडी नसतील तर चार चांगल्या पेट्यांपैकी एकीतली अंडी आणि अगदी लहान अळ्या असलेली चौकट, माश्या हळूच झाडून, या पेटीत मध्ये सरकवा. तीन दिवसांनी पाहा. त्या चौकटीवर नवी राणीघरं उठली तर पेटीत राणी नाही हे नक्की, आणि उपायही सुरू झालेला असेल. राणीघरं उठली नाहीत तर राणी आहे, फक्त उशीर झालाय. याहून स्वस्त आणि खात्रीची परीक्षा मला माहीत नाही.

सातेरीत ही परीक्षा लांबवून चालत नाही. राणी नसली की सातेरीच्या कामकरी माश्या इटालियन मेलीफेरापेक्षा फार लवकर स्वतः अंडी घालू लागतात. एका घरात तीन-तीन, चार-चार अंडी, काही भिंतीला चिकटलेली, असं दिसलं की समजायचं. त्या अंड्यांतून नरच निपजतात आणि पेटी हळूहळू संपते. त्या अवस्थेतल्या पेटीला राणी देऊन पाहण्यात वेळ घालवू नका. तिच्या माश्या चांगल्या पेटीत मिसळून टाका.

आता मूळ प्रश्न. तुम्ही दर आठवड्याला राणीघरं मोडलीत आणि तरी थवा गेला, याचं तुम्हाला आश्चर्य वाटतंय. मला नाही वाटत. मीही हेच केलंय. जावळी तालुक्यात आमच्या वाडीवर मधपाळीला लागून मला दुसरं वर्ष होतं. एका जोरदार पेटीतली अकरा राणीघरं मी एका सकाळी मोजून मोडली आणि निर्धास्त झालो. दोन दिवसांनी साडेदहाच्या उन्हात पेटीच्या तोंडातून माश्या ओतल्यासारख्या बाहेर पडल्या. आवाज इतका मोठा की गोठ्यातली जनावरं कान टवकारून उभी राहिली. संध्याकाळी पेटी उघडून प्रत्येक चौकट काढली तेव्हा तिसऱ्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात, पोळं आणि लाकूड यांच्या सांदीत, बारावं राणीघर सापडलं. माश्यांचा गुच्छ त्याच्यावर बसलेला असल्यामुळे ते मला दिसलं नव्हतं.

बारावं मोडलं असतं तरी काय झालं असतं? राणी आणि अंडी पेटीत होतीच. पुन्हा आठवड्याभरात नवी राणीघरं झाली असती. मी पुन्हा मोडली असती. दरम्यान पेटीचं काम मंदावतं, राणीची अंडी कमी होतात, पराग येणं घटतं, कारण वसाहतीचं मन निघायचं झालेलं असतं. राणीघर मोडून आपण फक्त तारीख पुढे ढकलतो, कारण तसंच राहतं.

आणि याहून वाईट प्रकार मी नवख्यांकडे पाहिलाय. थवा सकाळी निघून गेलेला असतो, मधपाळ कामावर असतो, त्याला पत्ताच नसतो. रविवारी तो पेटी उघडतो, राणीघरं दिसतात, सगळी मोडतो. जुनी राणी गेलेली, नव्या राण्या मोडलेल्या, आणि अंडी तीन दिवसांहून जुनी होऊन अळ्याही मोठ्या झालेल्या. त्या पेटीला राणी करायचा रस्ताच उरत नाही. म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्याला पहिला नियम सांगतो: राणीघराला हात लावण्याआधी अंडी शोधा. ताजं अंडं दिसलं तर जुनी राणी अजून आत आहे. अंडं दिसत नसेल तर चाकू खिशात ठेवा.

वसाहत का फुटते, हे समजलं की कधी हात घालायचा तेही समजतं. राणीनं अंडी घातली म्हणजे माश्या वाढल्या, पण घर तेच राहिलं. एका घराची दोन घरं होतात ती फुटण्यातूनच. जंगलातल्या झाडाच्या ढोलीत किंवा वारुळात राहणारी सातेरी फुटली नसती तर सह्याद्रीत ती कधीच संपली असती. म्हणजे फुटणारी पेटी आजारी नसते. बहुतेक वेळा ती तुमची सगळ्यात सशक्त पेटी असते.

फुटण्याची वेळ ठरते ती गर्दीवरून. राणीच्या अंगाला एक वास असतो, तिची सेवा करणाऱ्या माश्या तो चाटून, अंगाला अंग लावून पेटीभर पोहोचवतात. तो पोहोचत असेपर्यंत नवी राणी करायची गरज कुणाला वाटत नाही. राणी पोळ्यावरून फिरते तेव्हा तिच्या पायांचाही वास पोळ्याला लागतो, आणि तो जिथं असतो तिथं राणीघराचे पेले सहसा बांधले जात नाहीत. पेटीत माश्या दाटल्या, मध आणि परागानं मधली घरं भरली, की राणी पोळ्याच्या खालच्या कडेपर्यंत जाऊ शकत नाही आणि तिचा वासही शेवटच्या माशीपर्यंत पोहोचत नाही. त्यातच राणी वयाची असेल तर वास मुळातच कमी. नेमक्या त्याच वेळी पावसाळ्यानंतरच्या फुलोऱ्यात वाढलेल्या हजारो तरुण माश्या रिकाम्या बसलेल्या असतात: अळ्यांना भरवायचं दूध अंगात आहे, पण भरवायला अळ्या पुरेशा नाहीत. हे सगळं जुळून आलं की पोळ्याच्या खालच्या कडेला राणीघरं लोंबायला लागतात.

आमच्याकडे हे दसरा-दिवाळीच्या मागेपुढे आणि पुन्हा माघ-फाल्गुनात घडतं. तुमच्याकडे कोकणात हवा लवकर तापते आणि काजू-आंब्याचा मोहोर डिसेंबरपासून सुरू होतो, त्यामुळे दिवाळीनंतर पेटी जोर धरते. तुमच्या पेट्या नोव्हेंबरात फुटल्या यात वेगळं काही नाही.

थव्याची चाहूल राणीघरांच्या बरीच आधी लागते आणि तीच वाचायला शिकायला हवं. सातेरीत सगळ्यात पहिली खूण नरांची. सातेरीच्या झाकलेल्या नरघराच्या टोपीला मधोमध एक बारीक भोक असतं. मेलीफेरात ते नसतं, म्हणून मेलीफेराची पुस्तकं वाचून आलेले लोक घाबरून विचारतात की कीड लागली का. कीड नाही, ते तसंच असतं. नर बाहेर पडताना या टोप्या खाली गळतात. तळपाट काढून पाहिला की त्यावर मोहरीएवढ्या, टोकदार, तपकिरी टोप्यांचा सडा दिसतो. पेटी न उघडताही हे कळतं. तळपाटावर टोप्या दिसायला लागल्या की मी वहीत तारीख लिहितो आणि त्या पेटीवर दर पाच-सहा दिवसांनी नजर ठेवतो.

त्यानंतर पोळ्याच्या खालच्या कडेला छोटे पेले दिसतात. रिकामा पेला म्हणजे काहीच नाही, तो वर्षभरही असू शकतो. पेल्यात अंडं किंवा दुधात पोहणारी अळी दिसली की मात्र दिवस मोजायचे. राणीचं अंडं तीन दिवस, अळी साधारण पाच दिवस, मग झाकण, आणि एकूण १५-१६ दिवसांत राणी बाहेर. कामकरी माशीला १८ ते २० दिवस आणि नराला २४ दिवस लागतात. झाकण बसलं की त्यापुढच्या काही दिवसांत, ऊन पडलेल्या पहिल्या सकाळी, जुनी राणी थवा घेऊन निघते. पाऊस-ढग असले तर थांबते, आणि मग उघडीप होताच एकाच दिवशी गावात तीन-तीन थवे निघाल्याचं मी पाहिलंय.

राणीघर कुठं आहे हेही पाहा. खालच्या कडेला आणि बाजूला पाच-दहा किंवा जास्त, वेगवेगळ्या वयाची, भुईमुगाच्या शेंगेसारखी लोंबणारी असतील तर पेटी फुटणार. पोळ्याच्या मधल्या भागात एक-दोनच असतील तर माश्या थकलेली राणी बदलत आहेत, त्यांना हात लावू नका. ते काम त्या आपल्यापेक्षा चांगलं करतात. आणि कामकरी माशीच्या घरावरच ओढून बांधलेली, वेडीवाकडी राणीघरं दिसली तर राणी अचानक गेली आहे, बहुधा आपल्याच हातून चौकटीखाली चिरडून.

रिकामी झालेली राणीघरंही बोलतात. टोकाला गोल झाकण कापून दाराच्या फळीसारखं बिजागरीवर लोंबत असेल तर तिथून राणी सुखरूप बाहेर आली. राणीघराच्या कुशीला भोक असेल तर पहिल्या राणीनं तिथली बहीण मारली. तुमच्या पहिल्या पेटीत विसाव्या दिवशी अंडी पाहताना एवढंही बघून ठेवा. दोन राणीघरांची झाकणं लोंबलेली आणि बाकीच्यांच्या कुशी फाटलेल्या दिसल्या तर हिशेब जुळला: एक राणी छोट्या थव्याबरोबर गेली, एक घरात आहे.

पेटीच्या तोंडाशी माश्या दाढीसारख्या लोंबल्या की लोक थव्याची तयारी समजतात. दुपारी उकाड्यात लोंबून संध्याकाळी आत जाणारी दाढी ही उष्म्याची. तिला सावली द्या, पेटीवर झावळ टाका. सकाळी नऊला आजूबाजूला फुलं असताना लोंबणारी दाढी ही निघायच्या तयारीची.

आता उरलेल्या चार पेट्या. माझं म्हणणं एका वाक्यात असं आहे की पेटीनं फुटायचं मनावर घेण्याआधी तिला आपल्या हातानं फोडा. वसाहतीचं विभाजन म्हणतात ते हेच. नैसर्गिक थव्यात जे व्हायचं तेच होतं, पण थवा उंच माडावर जाऊन तिथून डोंगरात जात नाही, तो तुमच्या दुसऱ्या पेटीत राहतो.

अटी तीन आहेत. पेटीत आठपैकी निदान सहा-सात चौकटी माश्यांनी झाकलेल्या हव्यात. झाकलेले नर दिसायला हवेत, कारण नर नसताना केलेल्या राणीचं मीलन कुणाशी होणार? आणि बाहेर फुलोरा चालू हवा. या तिन्ही गोष्टी तुमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत जुळतात. मार्चनंतर विभाजन करू नका. उशिरा केलेली लहान पेटी पावसाळ्यात उपाशी मरते किंवा मेणकिडा तिला खाऊन टाकतो. कोकणातला पाऊस सशक्त पेटीलाही जड जातो.

राणीघरं असलेल्या पेटीचं विभाजन सोपं. सकाळी नऊ-दहाला, हलका धूर देऊन, आधी जुनी राणी शोधा. सातेरीच्या माश्या पोळ्यावर धावतात, मेलीफेरासारख्या शांत बसत नाहीत, आणि धूर जास्त झाला तर सगळ्याच खाली गोळा होतात, मग राणी सापडत नाही. दोन फुंकर पुरे. काळसर, लांब पोटाची राणी बहुतेक वेळा ताजी अंडी असलेल्या चौकटीवर असते, म्हणून तीच चौकट आधी काढा. ती चौकट राणीसकट नव्या पेटीत ठेवा. त्यावर राणीघर असेल तर तेवढं मोडा. त्याबरोबर झाकलेल्या कोषांची एक चौकट आणि मध-परागाची एक चौकट द्या, आणि आणखी एका चौकटीवरच्या माश्या झाडून टाका. उरलेल्या जागी मेणपत्रे, म्हणजे पोळं बांधायला पाया म्हणून दिलेले मेणाचे पातळ पत्रे, लावलेल्या चौकटी. नव्या पेटीचं तोंड दोन बोटांएवढंच ठेवा.

नवी पेटी दोन-तीन किलोमीटर दूर नेता आली तर उत्तम. सातेरीचा चाऱ्याचा टप्पा मेलीफेरापेक्षा लहान असतो, तेवढं अंतर पुरतं. त्याच वाडीत ठेवणार असाल तर चाऱ्याला जाणाऱ्या म्हाताऱ्या माश्या जुन्या जागेवर परत जातील हे धरून एक चौकट जास्त झाडा. रात्री साखरेचा पाक द्या, साखर आणि पाणी सम प्रमाणात. दिवसा पाक दिला तर शेजारच्या पेट्या लुटायला येतात आणि मुंग्याही.

जुन्या जागेवरच्या पेटीत एकच राणीघर ठेवा. मोठं, सरळ, टोक खाली असलेलं, अंगावर खळगे असलेलं निवडा. बाकीची मोडा. राणीघर असलेली चौकट कधीही झाडू नका, उलटी करू नका, आडवी धरू नका, नाहीतर आतली कोवळी राणी लुळी होते. तिच्यावरच्या माश्या गवताच्या जुडीनं हळूच बाजूला करायच्या. आणि पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा एकदा पेटी उघडून पाहायची, कारण राणी काढल्यावर माश्या शिल्लक लहान अळ्यांवर नवी राणीघरं ओढतात. ती मोडली नाहीत तर एका आठवड्यानं तुमच्या पहिल्या पेटीत झालं तेच होतं, छोटा थवा निघतो. ही पाचव्या दिवसाची फेरी बहुतेक जण चुकवतात. माझं विचाराल तर विभाजनाच्या दिवसापेक्षा हा दिवस महत्त्वाचा. तोवर तुम्ही राखलेल्या राणीघरातून राणी बाहेर आल्याचं दिसलं तर मात्र काही न मोडता पेटी बंद करा, बाकीचं ती पाहील.

जास्तीची चांगली राणीघरं फेकायची गरज नाही. धारदार चाकूनं राणीघराभोवती पोळ्याचा तिकोनी तुकडा ठेवून ते कापा आणि दुसऱ्या, राणी नसलेल्या पेटीत मधल्या पोळ्यावर, टोक खाली ठेवून, दोन बाभळीच्या काट्यांनी टोचून बसवा. राणीघराला दाब लागू देऊ नका. मध्यंतरात ते ओल्या फडक्यात सावलीत ठेवा. तुमच्या फुटलेल्या दोन पेट्यांपैकी एखादीत विसाव्या दिवशी राणी नाही असं ठरलं, तर अळ्यांची चौकट देऊन महिनाभर थांबण्यापेक्षा तयार राणीघर दिलं तर दहा-बारा दिवस वाचतात.

राणीघर नसताना विभाजन करायचं असेल तर राणी नसलेल्या भागात ताजी अंडी आणि लहान अळ्या नक्की आहेत हे पाहा, बाकी सगळं तसंच. फक्त वेळ जास्त लागतो, नव्या राणीची अंडी दिसायला महिना धरा, आणि मध्ये एकदा आईपेटीतली झाकलेल्या कोषांची चौकट देऊन तिथल्या माश्यांची संख्या टिकवा. चौकटी इकडून तिकडे करताना एक पथ्य पाळा. अळ्या घरात डोकं वर करून पाणी भरलेल्या पिशवीसारख्या पडलेल्या दिसल्या तर त्या पेटीतली चौकट दुसरीकडे देऊ नका. तो सॅकब्रूड हा विषाणूचा रोग असतो. १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत केरळात या रोगानं सातेरीच्या पेट्या घाऊक संपल्या होत्या.

प्रत्येक पेटी फोडायलाच हवी असं नाही. तुम्हाला सहाच्या आठ करायच्या असतील तर दोन फोडा. बाकीच्या दोन मधासाठी राखा, आणि त्यांना फुटायचं कारणच मिळू देऊ नका. सहा चौकटी माश्यांनी भरल्या की वर सुपर, म्हणजे मधाचा कप्पा, चढवा, आठही भरायची वाट पाहू नका. सुपरमध्ये मागच्या हंगामातली बांधलेली पोळी असतील तर माश्या लगेच वर जातात, नुसत्या मेणपत्र्यावर जायला कुरकुर करतात. खालच्या कप्प्यातली काळी पडलेली जुनी पोळी दरवर्षी दोन-तीन काढून टाका, त्यातली घरं लहान होत जातात आणि राणी तिथं जायला टाळते. नरांची घरं पोळ्याच्या खालच्या भागात एकत्र असतात, तेवढा पट्टा कापून टाकला तरी गर्दी थोडी कमी होते, पण ज्या पेटीची जात चांगली तिचे नर राहू द्या. आणि राणी दर वर्षी बदला. पहिल्या वर्षाची राणी असलेल्या पेटीनं फुटल्याचं मी क्वचित पाहिलंय, दुसऱ्या वर्षाची राणी फार वेळा निघते.

नवी राणी कोणत्या पेटीतून करायची हा सगळ्यात दूरचा आणि म्हणून सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. जी पेटी दर वर्षी तीन-तीन थवे सोडते, तिच्यात राणीघरं भरपूर असतात, आणि सोयीचं म्हणून सगळे तिथलीच राणीघरं वापरतात. अशानं चार-पाच वर्षांत सगळी वाडी फुटक्या जातीची होते. राणीघरं त्या पेटीची घ्या जी भरपूर मध देते, शांत असते आणि कमी फुटते, मग तिथं ती विभाजनानं करवून घ्यावी लागली तरी चालेल.

राणीचे पंख कापण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच. मी ते सोडून दिलंय. थवा निघतो, राणी पेटीसमोर जमिनीवर पडते, तुमच्याकडे तर हुमले, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्या, तिला ताबडतोब ओढून नेतील. थवा परत येतो खरा, पण आठवड्यानं कुमारी राणीबरोबर निघून जातो. जुनी चांगली राणी आपण गमावतो आणि थवाही.

तरीही थवा निघालाच तर? ताटं बडवू नका, माती फेकू नका. थवा आधी जवळच कुठंतरी, आंब्याच्या फांदीला नाहीतर माडाच्या झावळीला, गुच्छ करून बसतो आणि तिथून काही टेहळ्या माश्या घर शोधायला जातात. जर्मनीत मधमाश्यांचे अभ्यासक मार्टिन लिंडाउअर यांनी १९५० च्या सुमारास थव्याच्या गुच्छावर नाचणाऱ्या माश्या पाहिल्या. काही काजळीनं काळ्या, काही विटकरीच्या भुकटीनं लाल झालेल्या. त्या फुलांवरून आलेल्या नव्हत्या, धुराड्यातली आणि पडक्या भिंतीतली घरं बघून आल्या होत्या आणि नाचून इतरांना पत्ता सांगत होत्या. एका पत्त्यावर एकमत झालं की थवा उडतो. त्याला कधी अर्धा तास लागतो, कधी दुसरा दिवस उजाडतो. तेवढाच वेळ आपला.

गुच्छावर पाण्याचा बारीक फवारा मारा, माश्या शांत होऊन एकमेकींना चिकटतात. थव्यातल्या माश्या पोटभर मध पिऊन निघालेल्या असतात, सहसा डसत नाहीत, तरी तोंडावर जाळी घाला. रिकामी पेटी गुच्छाखाली धरून फांदीला एकच जोरदार झटका द्या. पेटीत आधीच एक चौकट उघड्या अळ्यांची ठेवलेली हवी. सातेरीचा थवा नव्या पेटीतून दुसऱ्या दिवशी उठून जातो ही सगळ्यांची तक्रार असते, आणि त्यावर अळ्यांच्या चौकटीइतका चांगला उपाय नाही. भुकेलेली पिल्लं सोडून माश्या सहसा जात नाहीत.

पेटीच्या तोंडाला राणी अडवणारी जाळी लावायची का, हे थवा कोणता त्यावर ठरतं. पहिला मोठा थवा असेल तर आत अंडी घालणारी राणी आहे, तीन-चार दिवस जाळी लावा, मग काढा. दुसरा छोटा थवा असेल तर आत कुमारी राणी आहे, तिला मीलनाला बाहेर जायचंय. तिथं जाळी लावली तर राणी कोंडली जाते आणि महिन्यानं पेटीत फक्त नर दिसतात. आमच्या वाडीतले एक वयस्क मधपाळ, सगळे त्यांना तात्या म्हणायचे, छोट्या थव्याला जाळी लावणाऱ्यावर खूप रागवायचे. मला त्यांनी त्यापेक्षा चांगली गोष्ट शिकवली. पहिला थवा गेल्यावर पाच-सात दिवस संध्याकाळी पेटीच्या लाकडाला कान लावायचा. आतून बारीक, लांब सूर येतो, पीऽऽ, पीऽ, पीऽ, आणि त्याला दुसऱ्या बाजूनं दबका, तुटक आवाज उत्तर देतो. पहिला सूर मोकळ्या राणीचा, दबका आवाज अजून घरात कोंडलेल्या बहिणींचा. हा आवाज ऐकू आला तर दुसरा थवा उद्या-परवा निघणार. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे पेटी उघडून राहिलेली राणीघरं काढून टाकली तर थवा थांबतो. विभाजनानंतरची पाचव्या दिवसाची फेरी सोडली तर राणीघरं मोडून थवा थांबतो अशी माझ्या अनुभवातली ही एकच वेळ.

तुमच्या दुसऱ्या पेटीतून थवा जाऊन चारच दिवस झालेत. पेट्या उघडू नका असं वर लिहिलं, त्याला या पेटीपुरता हा अपवाद. आज संध्याकाळी तिच्याजवळ बसा, कान लावा. सूर ऐकू आला तर उद्या उजाडताच, माश्या बाहेर पडण्याआधी, उघडा आणि मोकळी राणी एखाद्या चौकटीवर डोळ्यानं दिसली तरच उरलेली राणीघरं मोडा. दिसली नाही तर सगळ्यात मोठं एक राहू द्या. सूर ऐकू आला नाही तर उघडू नका, पुढचे तीन दिवस रोज कान लावत राहा. आणि दोन्ही पेट्यांच्या झाकणावर खडूनं थवा गेल्याची तारीख आणि विसावा दिवस लिहून ठेवा.